पावसाआधीची पालवी : माळावरच्या झाडांची नोंदवही कशी ठेवाल?

एप्रिल संपत आला की सुपे, इंदापूर, कर्जत, माण या पट्ट्यातला माळ पार वाळून गेलेला असतो. कुसळी गवताचे पिवळे बुडखे तेवढे उरलेले, मुरूम उघडा पडलेला, दुपारचा पारा चाळिशीला टेकलेला. हातभर खणलं तरी ओल लागत नाही. शेवटचा दमदार पाऊस परतीचा, त्याला सहा महिने उलटलेले. पुढचा पाऊस मृगाचा, त्याला अजून सहा आठवडे अवकाश. नेमक्या याच दिवसांत कडुनिंब हिरवागार असतो, पळसाला कोवळी तांबूस-पोपटी पानं फुटलेली असतात आणि खैराच्या काटेरी फांद्यांवर नवी बारीक पानं दिसू लागतात.

जमीन कोरडीठाक असताना ही पालवी येते कुठून, असा प्रश्न ज्यांना कधी पडला असेल त्यांच्यासाठी हा लेख आहे. माळ समजून घ्यायचा तर तो कोरड्या महिन्यांत पाहावा लागतो. एकदा पाहून भागत नाही. तीच ती झाडं ठरावीक दिवसांनी, तारीख टाकून, वर्षभर पाहावी लागतात. त्यासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. वही, पेन्सिल, मिळाली तर दुर्बीण, आणि चालत किंवा सायकलीने गाठता येईल असा माळ एवढं पुरतं.

आधी या माळाबद्दल थोडं. खाली सलग गवत आणि त्यात सुटी सुटी झाडं, अशा प्रदेशाला जगभर सॅव्हाना म्हणतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला आपला पट्टा त्यातलाच. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. बाकीचे महिने कोरडे. इथे पूर्वी घनदाट जंगल होतं आणि ते तोडल्यामुळे माळ उरला, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा २०२५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्यांनी जुन्या मराठी वाङ्मयातले आणि मौखिक परंपरेतले झाडांचे उल्लेख तपासले, आणि पश्चिम महाराष्ट्रातला हा प्रदेश निदान साडेसातशे वर्षांपासून असाच गवताळ, विरळ झाडांचा असल्याचं त्यातून पुढे आलं. तेव्हा हिवर, खैर, बोर, पळस ही तुटलेल्या जंगलातली उरलीसुरली झाडं समजू नका. त्यांचं वेळापत्रक याच उन्हात, याच मुरमात, वणव्यांच्या आणि चरणाऱ्या कळपांच्या सोबतीने घडलं आहे. ते आपण अजून नीट वाचलेलंच नाही.

पाण्यावाचून पालवी

पाऊस आला की झाडं पालवतात, असं आपण लहानपणापासून ऐकतो. गवताच्या बाबतीत ते खरं आहे. गवताची मुळं वरच्या वीतभर मातीत असतात, ती भिजली की गवत उठतं. झाडांचा हिशेब वेगळा आहे. त्यांची मुळं मुरमातून उतरून कातळाच्या भेगांत शिरलेली असतात आणि तिथे उन्हाळ्यातही थोडी ओल टिकते. पानं असतात तोवर ती ओल पानांवाटे हवेत जाते. पानं गळली की हा खर्च थांबतो, मुळं संथपणे ओढत असलेलं पाणी खोडात आणि फांद्यांत साठू लागतं, आणि पुरेसं भरलं की डोळे फुटतात. पानगळ ही पालवीची तयारी असते, ती अशी. पीटर राइश आणि रोल्फ बोर्चर्ट यांनी १९८४ साली कोस्टारिकातल्या कोरड्या जंगलातल्या झाडांवर हे मोजून दाखवलं होतं.

पण पालवी फुटायची वेळ झाडाला कळते कशी? बऱ्याच झाडांना ती दिवसाच्या लांबीवरून कळते. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो आणि जूनमध्ये १३ तासांहून थोडा मोठा. मार्च-एप्रिलमध्ये तो भराभर वाढत असतो. पाऊस एखाद्या वर्षी लवकर येईल, एखाद्या वर्षी दडी मारेल. दिवस मात्र दरवर्षी त्याच तारखेला तेवढाच वाढतो. झाडाने या इशाऱ्यावर भरवसा ठेवावा यात मला तरी मोठं शहाणपण दिसतं. पहिला पाऊस पडून गवत अजून जमिनीतून डोकं काढत असतं तेव्हा झाडाची पानं पक्की होऊन कामाला लागलेली असतात.

दुसरा फायदा किड्यांपासून सुटकेचा. पाऊस पडला की पानं खाणाऱ्या अळ्या-भुंगेऱ्यांचा सुकाळ होतो, आणि त्यांना कोवळंच पान आवडतं. के. एस. मुरली आणि रामन सुकुमार यांनी तमिळनाडूतल्या मुदुमलईच्या कोरड्या जंगलात पाहणी करून १९९३ साली लिहिलं, की पावसाआधी कोरड्या दिवसांत पालवणाऱ्या झाडांच्या पानांचं नुकसान उशिरा पालवणाऱ्यांपेक्षा कमी होतं. हे तुम्हाला आपल्या माळावरही तपासता येईल. मेमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये एकाच झाडाची हाताला येणारी वीस-पंचवीस पानं पाहा आणि त्यातली किती कुरतडलेली आहेत ते लिहा.

सगळीच झाडं मात्र घाई करत नाहीत. सालई, मोई (काही भागांत तिला शेमट म्हणतात) आणि गणेर पावसाच्या तोंडापर्यंत उघडीच राहतात. यांचं खोड मऊ, पाणी धरून ठेवणारं असतं. त्या साठ्यावर ती पानांशिवाय फुलतात, फळंही धरतात, पण पानांचा खर्च मात्र मृग आल्याशिवाय करत नाहीत. बनारस हिंदू विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विंध्य प्रदेशात पाहिलं, तेव्हा एकाच जंगलातली काही झाडं जेमतेम काही आठवडे निष्पर्ण राहत होती, तर काही सहा-सात महिने. म्हणजे ‘पानझडी’ हा एकच शब्द लिहून काम भागत नाही. कोणतं झाड किती दिवस उघडं राहिलं, हे लिहायला हवं.

झाडं निवडताना

सुरुवातीला हाव धरू नका. चार-पाच जाती आणि प्रत्येकीची तीन-तीन झाडं, एवढं पहिल्या वर्षी भरपूर होतं. तीन यासाठी, की एकाच जातीच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन झाडांतही पंधरा-पंधरा दिवसांचा फरक पडतो. एकच झाड पाहून ‘यंदा पळस उशिरा फुलला’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

माझ्या मते पश्चिम महाराष्ट्रातल्या माळासाठी हिवर, कडुनिंब, पळस, बोर आणि खैर यांपासून सुरुवात करावी. ही झाडं ओळखायला सोपी आहेत आणि पाचांची तऱ्हा पाच प्रकारची आहे. खानदेशात असाल तर अंजन घ्याच. विदर्भात मोह, तेंदू, चारोळी आणि सालई घ्या. झुडपं विसरू नका. तरवड आणि करवंद यांच्या नोंदी फार कमी लोक ठेवतात.

जागा निवडताना तीन झाडांपैकी एक ओढ्याच्या काठचं, एक सपाटीवरचं आणि एक मुरमाड उतारावरचं मिळालं तर उत्तम. ओढ्याकाठचं झाड पानं उशिरा गाळतं, हे तुमच्या वहीत बहुधा पहिल्याच वर्षी दिसेल. कालव्याजवळची, ठिबकच्या बागेला लागून असलेली, रस्त्यावरच्या दिव्याखालची झाडं मात्र टाळा. त्यांना पाणी आणि उजेड दोन्ही वेगळे मिळतात. पुरेसं वाढलेलं, एकदा तरी फळलेलं झाड घ्या.

खुणेसाठी खिळा ठोकू नका. मोबाइलवर झाडाचं ठिकाण नोंदवा, चारी बाजूंनी फोटो घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर हाताने नकाशा काढा: बांध, पाणवठा, मोठा दगड, पायवाट. फोन बदलतो, नकाशा राहतो. वनखात्याच्या जमिनीवर रंगाची खूण करायची असेल तर वनरक्षकाला आधी विचारा. मयूरेश्वर किंवा रेहेकुरीसारख्या अभयारण्यात तर परवानगीशिवाय काहीच करू नये.

काय लिहायचं, कसं लिहायचं

पंधरा दिवसांतून एकदा जा. फेब्रुवारी ते जून मात्र दर आठवड्याला. एका झाडाची पालवी आठ-दहा दिवसांत कोवळ्याची पक्की होते आणि पळसाचं एखादं झाड तीन आठवड्यांत फुलून मोकळं होतं. महिन्यातून एकदा जाणाऱ्याच्या हाती यातलं काहीच लागत नाही. वार ठरवून टाका, म्हणजे खंड पडत नाही.

प्रत्येक झाडापुढे आठ रकाने आखा. पानांचे तीन: कोवळी, पक्की, पिकलेली. फुलांचे दोन: कळ्या, उमललेली. फळांचे तीन: कच्ची, पिकलेली, फुटलेली किंवा गळालेली. प्रत्येक रकान्यात तीनपैकी एक खूण करा. काहीच नाही तर शून्य, झाडाच्या विस्ताराच्या एक तृतीयांशापेक्षा कमी भागावर असेल तर ‘थोडी’, त्याहून जास्त असेल तर ‘बरीच’. याहून बारीक टक्केवारीच्या मागे लागू नका. दोन माणसांचे टक्के जुळत नाहीत. ‘थोडी’ आणि ‘बरीच’ यांवर बहुतेकदा एकमत होतं.

शून्य लिहायला चुकू नका. हीच गोष्ट नवखे सोडून देतात. ‘काही नव्हतं म्हणून लिहिलं नाही’ आणि ‘त्या दिवशी गेलोच नाही’ या दोन्हींसाठी रकाना कोरा राहिला तर वर्षअखेरीला वही निरुपयोगी होते. फुलं कधी आली हे ठरवायला त्याआधी ती नव्हती हे माहीत असावं लागतं.

झाडाकडे पाहायची रीतही ठरवून घ्या. आधी लांबून संपूर्ण झाड, मग जवळ जाऊन चारी दिशांच्या फांद्या, शेवटी खाली जमीन. मोईची फुलं फांद्यांच्या टोकांना येतात आणि इतकी बारीक असतात, की दुर्बिणीशिवाय झाड वाळकंच वाटतं. अंजनाची फुलंही अशीच नजरेतून सुटतात. उलट एखाद्या उंच झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असतो आणि वर पाहिलं तर सगळी पानंच दिसतात. नराचं झाड वेगळं नि मादीचं वेगळं असलेल्या जातीही लक्षात ठेवा. तेंदूचं नराचं झाड कितीही फुललं तरी फळणार नाही. त्याची तीन वर्षं वाट पाहण्यापेक्षा पहिल्याच फुलोऱ्यात लिंग ओळखून लिहून ठेवा.

तारखेबद्दल एक गोष्ट जपायला हवी. आपल्याकडे झाडांची वेळ सणांवरून सांगायची पद्धत आहे: होळीला पळस, पाडव्याला कडुनिंबाची पालवी, संक्रांतीला बोरं. सांगण्यासाठी हे सुरेख आहे, पण नोंदीसाठी चालत नाही, कारण तिथी चांद्र आहेत आणि झाडं सूर्यावर चालतात. गुढीपाडवा २०२१ साली १३ एप्रिलला होता आणि २०२६ साली १९ मार्चला. जवळजवळ साडेतीन आठवड्यांचा फरक. २०२१च्या पाडव्याला कडुनिंब मोहरलेला आणि २०२६च्या पाडव्याला नुसता कोवळा, एवढ्यावरून झाड उशिरा चालू लागलं असं कोणी म्हणेल, आणि ते चूक असेल. म्हणून इंग्रजी तारीख हवीच. संक्रांत सौर आहे, ती चालते. शेतकऱ्यांची पावसाची नक्षत्रंही सूर्यावरच बेतलेली आहेत. मृग दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास लागतो, रोहिणी त्याच्या पंधरा दिवस आधी. ज्या घरात अजून नक्षत्रं मोजतात, तिथल्या आजोबांनी ‘रोहिणीत निंबोळी पिवळी पडायला लागली’ असं सांगितलं तर ती नोंद तारखेइतकीच पक्की समजा आणि वहीत त्यांच्या शब्दांत लिहून घ्या.

माळाचं वर्ष

वहीची सुरुवात कोणत्याही महिन्यात करता येते, पण शक्य असेल तर डिसेंबरात करा, म्हणजे पानगळीपासून पुढचा सगळा फेरा एका सलग वर्षात येतो.

डिसेंबर-जानेवारीत धावड्याची पानं तांबूस होऊन गळायला लागतात. मोई आणि सालई उघड्या पडतात. खैराच्या चपट्या तपकिरी शेंगा वाऱ्यावर वाजत असतात. बोर मात्र या दिवसांत फळांनी लगडलेली असते. माळावरचं हे फार मोलाचं फळ आहे, कारण आजूबाजूला ओलं काहीच मिळत नसताना कोल्हे, पक्षी, मुंग्या आणि गुराख्यांची पोरं सगळी त्यावर असतात. कोल्ह्याच्या विष्ठेत बोरांच्या आठळ्या सापडल्या तर त्याचीही नोंद करा. बोरीचा प्रसार असाच होतो.

फेब्रुवारी आला की काटेसावर, पांगारा आणि गणेर पानांशिवाय फुलतात. पळसाच्या फांद्यांवर आधी काळपट मखमली कळ्यांचे घोस येतात. हे घोस दिसले की आठवड्याची फेरी सुरू करा. पुढे फुलं उमलल्यावर झाडाखाली अर्धा तास शांत बसून कोण कोण येतं ते लिहा. मैना, बुलबुल, कोतवाल, खारी असे पुष्कळ जण येतात. पण पळसाचं परागीभवन प्रामुख्याने शिंजीर पक्षी आणि खारी करतात, असं अभ्यासात दिसलं आहे. इतर बरेच पक्षी मध पिऊन जातात, एवढंच. निष्पर्ण झाडावर फुलं लांबून दिसतात आणि पाखरांना पानांचा अडथळा नसतो. उन्हाळ्यात फुलण्याचं हे एक उघड कारण.

मार्चमध्ये कडुनिंब पिवळा पडून आठ-दहा दिवसांत पानं टाकतो आणि लगेच तांबूस पालवी धरतो. त्याच्या मागोमाग फुलं. हे सगळं इतकं झटपट होतं, की बऱ्याच जणांना कडुनिंब सदाहरित वाटतो. विदर्भात याच वेळी मोह पानं गाळून फुलांवर येतो. पहाटे गळणारी फुलं वेचायला सगळं गाव उठतं, आणि वेचणाऱ्या बायकांना कोणतं झाड आधी गळतं नि कोणतं मागून, हे वर्षानुवर्षं तोंडपाठ असतं. त्यांना विचारल्याशिवाय मोहाची वही पुरी होणार नाही.

एप्रिल-मे हे या वहीचे खरे महिने. अंजन नव्या लालसर पानांनी उजळतो. काटेसावरीची बोंडं फुटून कापूस उडतो. खैर आणि आपटा पालवतात. तेंदूला नवी पानं येतात. बहावा फुलतो, आणि त्याच्याकडे नीट पाहा: पिवळ्या घोसांच्या बाजूला गेल्या वर्षीच्या लांब काळ्या शेंगा अजून लटकत असतात. बहाव्याची शेंग पिकायला जवळजवळ वर्ष घेते, त्यामुळे फूल आणि पिकलेली शेंग हे दोन्ही रकाने एकाच दिवशी भरतात. ती चूक नव्हे. मेच्या उत्तरार्धात पळसाच्या एकबीजी चपट्या शेंगा सुटून वाऱ्यावर लांब जातात. करवंदं काळी होतात.

जूनमध्ये निंबोळ्या पिवळ्या होऊन गळतात, सालई आणि मोई अखेर पानं धरतात, ओढ्याकाठी जांभळं पडतात. बाभळीला पिवळी फुलं यायला लागतात.

पावसाळ्यात बहुतेकांचा उत्साह ओसरतो, कारण सगळं हिरवं दिसतं. पण हिवर नेमका तेव्हाच फुलतो. ऑगस्टपासून त्याच्या फांद्यांच्या टोकांना फिकट पिवळसर गोंड्यांचे तुरे येतात आणि ते नोव्हेंबरपर्यंत चालू राहतात. अंजनाची बारीक फुलं याच काळातली. सप्टेंबर-ऑक्टोबरात बोरीची हिरवट फुलं येतात. त्यांच्या उग्र वासावर माश्या घोंघावताना आधी ऐकू येतात. म्हणजे हिवरासारखं झाड पावसात फुलतं आणि त्याच्या शेंगा पिकतात पुढच्या एप्रिल ते जूनमध्ये. फुलापासून शेंगेपर्यंतचा हा लांब पल्ला एका हंगामाच्या वहीत दिसूच शकत नाही.

शेंगा आणि बिया

माळावर फळांच्या वेळेमागेही काही हिशेब आहे. वाऱ्यावर उडणाऱ्या बिया आणि शेंगा कोरड्या, वाऱ्याच्या महिन्यांत सुटतात: काटेसावर, पळस, अंजन. रसाळ फळं बहुतेक पावसाच्या तोंडावर पिकतात, म्हणजे खाणाऱ्याच्या पोटातून बी बाहेर पडते तेव्हा जमीन ओली व्हायची वेळ आलेली असते. हिवर आणि बाभूळ यांची तिसरीच तऱ्हा आहे. त्यांच्या शेंगा एप्रिल ते जूनमध्ये पिकतात, गवत संपलेलं असताना. शेळ्यामेंढ्या त्या आवडीने खातात, कठीण सालीच्या बिया पोटातून सहीसलामत बाहेर येतात आणि मृगाच्या पावसात लेंड्यांतून रुजतात. धनगरांच्या वाटांवर ही झाडं दाट का दिसतात, याचं उत्तर यात आहे. मेंढपाळाला त्या दिवसांत हिवराची शेंग म्हणजे कळपाचा आधार असतो, आणि कोणत्या माळावर ती आधी पिकते यावर त्याचा मुक्काम ठरतो.

रोपवाटिकेसाठी बी गोळा करणाऱ्यांना तुमची वही थेट कामाची आहे. निंबोळीची उगवणशक्ती फार दिवस टिकत नाही; जूनमध्ये गोळा करून गर धुऊन लगेच पेरावी लागते. अंजनाच्या शेंगा एप्रिल-मेमध्ये वाऱ्यावर जाण्याआधी झाडाखाली असायला हवं, आणि अंजन काही वर्षांच्या अंतरानेच भरघोस शेंगा देतो, म्हणून चांगलं वर्ष आलं की ते ओळखता आलं पाहिजे. बाभूळ, हिवर यांचं बी सालीमुळे वर्षभर टिकतं, तिथे घाई नाही. एकाच झाडाचं सगळं बी कधीही उचलू नका. अनेक झाडांखालून थोडं थोडं घ्या आणि बहुतांश तिथेच राहू द्या.

आणि हे बी पेरायचं कुठे, याचाही विचार करा. पडीक समजून माळावर खड्डे मारून दाट रोपं लावण्याचे कार्यक्रम दर पावसाळ्यात होतात. त्यात बऱ्याचदा गिरिपुष्पासारखी परकी झाडं असतात. दाट सावलीखाली गवत मरतं, आणि गवताबरोबर चिंकारा, धाविक पक्षी, लांडगे यांची जागाही जाते. हेतू चांगला असतो, म्हणूनच मला याचं अधिक वाईट वाटतं. कोणत्याही माळावर कुदळ मारण्याआधी तिथे निदान एक वर्ष वही ठेवावी, असं मी आग्रहाने सांगेन.

फसगत कुठे होते

वणवा गेला की जळालेल्या फांद्यांवर आणि बुंध्याशी अवेळी फुटवे येतात. पाला तोडल्यावर, मेंढ्यांसाठी फांद्या छाटल्यावर हेच होतं. तेंदूपत्त्यासाठी झुडपं छाटली जातात तिथेही कोवळी पानं वेगळ्याच वेळी दिसतात. ही पालवी ऋतूची नव्हे, इजेची असते. म्हणून ‘शेरा’ असा एक मोकळा रकाना ठेवा आणि त्यात वणव्याची तारीख, छाटणी, गारपीट, टोळधाड काय असेल ते लिहा. छाटलेलं झाड त्या वर्षापुरतं बाजूला काढलं तरी चालेल, पण त्याची नोंद बंद करू नका.

अवकाळी पावसाचंही तसंच. मार्चमधल्या एखाद्या चांगल्या सरीने काही झाडं लगेच हलतात, काही ढिम्म राहतात. कोण हलतं आणि कोण नाही, ही माहिती फार मोलाची आहे, पण त्यासाठी पाऊस किती पडला ते माहीत हवं. साधं पर्जन्यमापक घरी बसवा, किंवा तुमच्या महसूल मंडळातल्या महावेधच्या स्वयंचलित केंद्राचा आकडा दररोज उतरवून घ्या.

दर वर्षी फेब्रुवारीत ‘यंदा बहावा लवकर फुलला’, ‘पळसाचा हंगाम बदलला’ अशा बातम्या येतात. एखाद्या झाडावर पंधरा दिवस आधी फूल दिसणं ही नेहमीची गोष्ट आहे. हंगाम खरोखर सरकतो आहे का, हे सांगायला अनेक झाडांच्या अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. जुना आधार आपल्याकडे आहे. थिओडोर कूक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात, १९०१ ते १९०८ या काळात निघालेल्या, बहुतेक जातींपुढे फुलण्याचे महिने दिले आहेत. ट्रूप यांच्या १९२१ सालच्या भारतीय वृक्षांवरच्या ग्रंथात पानगळ, पालवी, फळं यांची तपशीलवार वर्णनं आहेत. तुमची वही तीन-चार वर्षं चालली की त्यांच्याशी ताडून पाहता येईल.

एकट्याची वही एकट्यापुरती राहू नये, यासाठी दोन गोष्टी करा. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचा ‘सीझनवॉच’ हा उपक्रम देशभरातल्या लोकांकडून झाडांच्या अशाच नोंदी जमा करतो. केरळातली शाळकरी मुलं त्यात मोठ्या संख्येने आहेत, महाराष्ट्रातल्या माळांवरूनही अशा भरपूर नोंदी जायला हव्यात. शाळेतल्या शिक्षकांनी एक वर्ग, एक झाड अशी वाटणी करून दिली तर हे सहज होईल. दुसरं म्हणजे, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. वर्ष पुरं झालं की तुमच्या वहीची छायाप्रत त्या समितीला द्या. कोणत्या माळावर हिवराची शेंग कोणत्या आठवड्यात पडते, कोणती बोर आधी पिकते, कोणत्या ओढ्याकाठचा पळस सगळ्यांत शेवटी फुलतो, हे त्यांच्या नोंदवहीत जागेच्या नावासकट उतरवून घ्यायला सांगा, आणि पुढच्या डिसेंबरात त्याच झाडांपासून पुन्हा सुरू करा.